नोंद नाही, की सापडली नाही?

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शासकीय हायस्कूलमध्ये बाबासाहेबांचा प्रवेश झाला. शाळेच्या रजिस्टरात क्रमांक १९१४ समोर नाव आहे ‘भिवा रामजी आंबेडकर’. हा दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. पण त्याच रजिस्टरात कोणी ‘भीमराव’ हे नाव शोधू लागला, तर ते त्याला मिळणार नाही. तेवढ्यावरून त्याने ‘नोंद नाही’ असा शेरा मारला, तर चूक रजिस्टराची नव्हे, शोधणाऱ्याची ठरेल.

आपल्या विद्यार्थ्यांच्या हाताखालच्या संगणकातही असेच एक रजिस्टर असते. विंडोज प्रणाली आपल्या मांडणीची आणि बसविलेल्या प्रोग्रामांची माहिती ‘रजिस्ट्री’त ठेवते. तिच्यातील ‘की’ म्हणजे कपाटातील फाईल आणि ‘व्हॅल्यू’ म्हणजे फाईलमधील एकेक ओळ. एखादी नोंद आहे किंवा नाही हे अनेक संगणकांवर पाहावयाचे असल्यास स्क्रिप्ट लिहितात. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाने क्रमाने पाळावयाच्या आज्ञांची यादी. नोंद बदलण्यापूर्वी वा पुसण्यापूर्वी ही तपासणी आवश्यक असते. मात्र तिच्या नकारार्थी उत्तरावर विश्वास ठेवण्याआधी चार प्रश्न विचारले पाहिजेत.

पहिला : आपण फाईल शोधतो आहोत की ओळ? पॉवरशेलमधील ‘टेस्ट-पाथ’ ही आज्ञा की आहे किंवा नाही एवढेच सांगते. तिला व्हॅल्यूचे नाव जोडून विचारले, तर ती व्हॅल्यू असूनही उत्तर ‘फॉल्स’ येते. व्हॅल्यूसाठी ‘गेट-आयटमप्रॉपर्टी’ ही वेगळी आज्ञा आहे.

दुसरा : ओळ रिकामी आहे की मुळातच नाही? व्हॅल्यूत शून्य असले किंवा काहीच लिहिलेले नसले, तरी ती नोंद असतेच. निष्काळजी स्क्रिप्ट मात्र तिला गैरहजर ठरवते.

तिसरा : आपण योग्य कपाटासमोर उभे आहोत काय? संपूर्ण संगणकाच्या नोंदी आणि त्या-त्या वापरकर्त्याच्या नोंदी वेगळ्या असतात. शिवाय ६४-बिट विंडोजमध्ये ३२-बिट प्रोग्रामांचा बराचसा भाग ‘वाव६४३२नोड’ या निराळ्या कप्प्यात असतो. एका कप्प्यात न मिळालेली नोंद दुसऱ्यात असू शकते.

चौथा : कपाट उघडण्याची परवानगी होती काय? ‘रेग क्वेरी’ ही आज्ञा यशस्वी झाल्यास ० आणि अयशस्वी झाल्यास १ हा अंक परत करते. नोंद नसली तरी १, आणि परवानगी नाकारली तरी १. खरे कारण सोबतच्या संदेशात असते. तो न वाचता केवळ अंक पाहणारी स्क्रिप्ट बंद दरवाजालाच रिकामी खोली समजते.

इतिहासाच्या अभ्यासकाला हे प्रश्न परिचित आहेत. पुरावा हाती न लागणे आणि घटना न घडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपल्या समाजातील अनेक घरांत जन्मतारखेचा आणि जातीचा पहिला लेखी आधार शाळेच्या रजिस्टरातच असतो. जातपडताळणीसाठी कोणी नातू आजोबांची नोंद मागतो, तेव्हा घाईने मारलेला एक शेरा त्याचे शिक्षण अडवू शकतो.

म्हणून आपल्या संगणक कक्षात स्क्रिप्ट लिहिणाऱ्या मुलामुलींनी हा विवेक आताच अंगी बाणवावा. उद्या यांतील कोणी नोंदींच्या कपाटाची किल्ली सांभाळणारे होतील. तेव्हा ‘नाही’ लिहिण्यापूर्वी त्यांनी ‘भिवा’ हे नावही शोधून पाहावे.

जय भीम! नमो बुद्धाय!