बर्फ तिकडे, हुडहुडी इकडे!

डिसेंबर आला की तुमच्या फोनवर काय काय येतं? मनालीचा बर्फ, गुलमर्गचा बर्फ, बर्फात लोळणारे आपलेच वर्गमित्र. आणि आपण? जर्नल पूर्ण करत हॉस्टेलवर! पण मंडळी, जळू नका. त्या बर्फाचा गारठा आपल्या जुन्नर-आंबेगावातही येतो.

कसा? हिमालयात बर्फ पडून गेला की उत्तरेचे थंड, कोरडे वारे थेट महाराष्ट्रापर्यंत पोचतात. आकाश निरभ्र असेल तर रात्री जमीन दिवसभराची ऊब भराभर सोडून देते. थंड हवा जड असते, त्यामुळे ती डोंगरउतारावरून खाली सरकते आणि खोऱ्यात साचते. म्हणूनच पहाटे कधी कधी डोंगरमाथ्यापेक्षा नदीकाठच्या गावातच दात जास्त वाजतात.

हे डोळ्यांनी बघायचंय? शिवनेरीवर सकाळी लवकर चढा. नशीब असेल तर खाली जुन्नर धुक्यात बुडालेलं दिसेल आणि तुम्ही मात्र उन्हात उभे असाल. तिथून नाणेघाट गाठा. सातवाहनांच्या काळातल्या या व्यापारी वाटेवरचा दगडी रांजण आणि गुहेतला ब्राह्मी शिलालेख बघा, मग कड्यावर या आणि खाली पसरलेलं कोकण बघा. आंबेगावकडे जायचं असेल तर डिंभे धरणाच्या पाण्याकडेनं वर आहुपेपर्यंत जा. तिथली देवराई आणि कोकणकडा विसरू नका. परतताना बाजरीची भाकरी, मासवडी आणि झणझणीत रस्सा. हंगाम साधला तर शेतात भाजलेला हरभऱ्याचा हुळा. बोटं काळी होतात, पण चव लक्षात राहते!

आता या थंडीची दुसरी बाजू. द्राक्षबागांच्या पट्ट्यात पहाटे धूर दिसला तर लगेच ‘व्हाइब’ म्हणून रील काढू नका. पारा फार उतरला की वेलीची वाढ मंदावते, मण्यांना तडे जातात. वर्षभराचा खर्च त्या मण्यांत अडकलेला असतो. म्हणून बागायतदार बागेत शेकोट्या पेटवतो, विहिरीचं पाणी सोडतो, कारण ते पाणी गार हवेपेक्षा उबदार असतं.

पण पाणी द्यायचं तर वीज हवी, आणि शेतीची वीज अनेकदा पाळीनं रात्रीची येते. बाजूला ऊस. उसात बिबट्या. हा सगळा पट्टा वन विभागाच्या जुन्नर विभागात येतो आणि इथल्या माणसांना बिबट्या काही नवा नाही. उसाच्या फडातच माद्या पिल्लं देतात. हिवाळ्यात ऊसतोड सुरू झाली की त्यांचा आडोसा जातो. फडात पिल्लं सापडली की वन विभागाची माणसं आई-पिल्लांची पुन्हा भेट घडवायला धडपडतात. तोडणी कामगारांच्या कोप्याही त्याच फडांच्या आसपास असतात. आपण स्वेटरमध्ये कुडकुडत सूर्योदयाची वाट बघतो, त्याच वेळी कुणी हातात बॅटरी आणि काठी घेऊन मोटर चालू करायला निघालेलं असतं. ‘शेतीला दिवसा वीज द्या’ ही इथली जुनी मागणी ऐकली असेल ना? ती मागणी सोयीची नाही, जिवाची आहे.

म्हणून थंडी जरूर एन्जॉय करा, फक्त एवढं पाळा. अंधार पडल्यावर उसाच्या कडेनं एकट्यानं पायी फिरू नका. किल्ल्यावर, गवताळ पठारावर शेकोटी पेटवू नका. या दिवसांत गवत वाळलेलं असतं, एका ठिणगीनं वणवा लागतो. राहायचं तर गावातल्या घरी राहा, भाकरी तिथलीच खा आणि पैसे न घासता द्या. जुन्नरला २०१८ मध्ये विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाला. त्याचा फायदा या घरांपर्यंत पोचवणं तुमच्याही हातात आहे.

आणि रात्री त्यांच्या ओट्यावर शेकोटी पेटली की फोन खिशात ठेवा. घरच्या काकांना एवढंच विचारा, “या आठवड्यात लाइट दिवसाची की रात्रीची?”

मग बघा, गप्पा कशा रंगतात.