डब्यावर ‘बॉडी-सेफ’ लिहिलंय. बरं, मग?

गेल्या महिन्यात आमच्या लॅबमधली एक ज्युनिअर संध्याकाळी उशिरापर्यंत रेंगाळत होती. एम.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढे पीएचडी करायची म्हणते. सगळे गेल्यावर माझ्या टेबलाशी आली. ‘‘ताई, एक विचारू? हसायचं नाही हं.’’ मग बॅगेतून काळी पिशवी निघाली, पिशवीतून वर्तमानपत्राचा पुडा आणि पुड्यातून एक छोटी बाटली. कंडोमबरोबर वापरायचं जेल. कॉलेज रोडच्या मेडिकलवाल्याने न सांगता इतकं गुंडाळून दिलं होतं. बाटलीवर ठळक अक्षरात ‘नॅचरल’ आणि ‘बॉडी-सेफ’.

तिचा प्रश्न होता, ‘‘हे खरंच सेफ आहे का, हे कुठल्या पेपरमध्ये बघायचं?’’

हसण्यासारखं यात काहीच नव्हतं. उलट पेट आणि नेटची तयारी करणाऱ्या कितीतरी जणांना मी हाच प्रश्न विचारायला शिकवत असते, फक्त उदाहरणं रक्तदाबाच्या गोळ्यांची असतात. म्हणून आजची पोस्ट या बाटलीवर.

तिला हे जेल घ्यावं का लागलं, ते आधी सांगते (तिची परवानगी आहे, ओळख पटेल असं सगळं बदललंय). लग्नाला चार महिने झालेत. मूल इतक्यात नको म्हणून कंडोम. कोरडेपणाचा त्रास होत होता, तर घरात होतं ते खोबरेल तेल वापरलं. नॅचरलच की! एका रात्री कंडोम फाटला. सकाळी तिने मला फोन केला तेव्हा आवाज रडका होता. ७२ तासांच्या आत घ्यायची ती आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी, जितकी लवकर तितकी चांगली, चिठ्ठीशिवाय मिळते, एवढं मी सांगितलं. तिने घेतली. पाळी आठ दिवस उशिरा आली. ते आठ दिवस कसे गेले ते तिचं तिला माहीत.

आता तेलाबद्दल. या विषयावरचा नेहमी दिला जाणारा पेपर १९८९चा आहे, ‘कॉन्ट्रासेप्शन’ या नियतकालिकातला, ब्रूस व्होलर आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी बाजारात मिळणारे लॅटेक्सचे कंडोम खनिज तेलाच्या संपर्कात ठेवले आणि मग हवा भरून फोडले. कंडोमची ताकद मोजायची ही प्रमाणित पद्धत आहे. तेलाशी फक्त ६० सेकंद संपर्क आला, तरी ताकद सुमारे ९० टक्क्यांनी घटली. म्हणजे फाटायला रात्रभर वेळ लागत नाही. लॅटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. तेल त्यात शिरतं, रबर फुगतं आणि कमकुवत होतं. पाणी शिरत नाही, म्हणून पाण्याचा आधार असलेलं किंवा सिलिकोनचं जेल चालतं.

इथे ज्युनिअरने बरोबर नस पकडली. ‘‘पण ताई, त्यांनी खनिज तेल वापरलं, माझं खोबरेल होतं.’’ शाब्बास! पेपर असाच वाचायचा. एका तेलावरचा निष्कर्ष दुसऱ्या तेलाला आपोआप लागू होत नाही. मग काय करायचं? रबरावर तेल काय करतं हे रसायनशास्त्राने माहीत आहे, चूक झाली तर किंमत मोठी आहे आणि पर्याय स्वस्त आहे. अशा वेळी पुराव्यातली फट सावधगिरीच्या बाजूने भरायची. म्हणून कंडोमबद्दलच्या सगळ्या मार्गदर्शक सूचना खोबरेल, व्हॅसलीन, बेबी ऑइल, तूप, बॉडी लोशन या सगळ्यांनाच नको म्हणतात. पॉलियुरेथेनच्या कंडोमला तेल चालतं, पण आपल्याकडे दुकानात मिळतात ते बहुतेक लॅटेक्सचेच. आणि हो, पाकिटात महिनोन्‌महिने दबून राहिलेला किंवा गाडीच्या डिकीत उन्हात तापलेला कंडोम मुदत संपायच्या आधीच म्हातारा होतो.

त्या सकाळी मी तिला आणखी एक विचारलं होतं. लग्नाआधी दोघांनी एचआयव्हीची टेस्ट केली होती का? ती गोंधळली. ‘‘अगं ताई, नवराच आहे की.’’

हे वाक्य ऐकलं की मला पुण्याचा एक पेपर आठवतो. भोसरीच्या संस्थेचं तेव्हाचं नाव राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, आपण तिला ‘नारी’ म्हणायचो. तिथल्या डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९६ या काळात पुण्याच्या गुप्तरोग क्लिनिकमध्ये येणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास केला. तो १९९७ साली ‘जामा’मध्ये आला. एकूण ९१६ स्त्रिया. त्यातल्या ५२५ देहविक्रय करणाऱ्या, ३९१ न करणाऱ्या. पहिल्या गटात एचआयव्हीचं प्रमाण ४९.९ टक्के निघालं. त्याची अपेक्षा होतीच. दुसऱ्या गटात ते १३.६ टक्के निघालं, आणि या गटाला तोवर फारसा धोका नाही असं समजलं जात होतं. या बायकांचं स्वतःचं कुठलं वागणं संसर्गाशी जोडलं जातंय ते तपासलं, तेव्हा एकच गोष्ट सापडली: गुप्तरोग असलेल्या जोडीदाराशी संबंध. आणि हा जोडीदार एकच होता, म्हणजे नवरा.

मी हा पेपर पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ पुढचं पान उलटलं नव्हतं. त्या बायकांनी ‘सुरक्षित’ राहण्यासाठी समाजाने सांगितलेलं सगळं केलं होतं.

पण इथेच संशोधक म्हणून थांबून भाजक बघायचा. १३.६ टक्के कशाचे? गुप्तरोग क्लिनिकमध्ये आलेल्या ३९१ बायकांचे. पुण्यातल्या सगळ्या विवाहित बायकांचे नाहीत. क्लिनिकला येणारीला आधीच काहीतरी त्रास असतो. व्हायव्हाला कुणी ‘‘महाराष्ट्रात १३ टक्के बायकांना...’’ असं सुरू केलं तर परीक्षक तिथेच पेन खाली ठेवतील. शिवाय हा एका वेळी घेतलेला फोटो आहे. संसर्ग नवऱ्याकडूनच आला हे लेखकांनी अनुमान म्हणून मांडलंय, डोळ्यांनी पाहिलेलं म्हणून नाही. अनुमान भक्कम आहे, तरी ते अनुमानच.

ज्युनिअरला मी एवढंच म्हटलं, की विश्वास आणि टेस्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक झाली म्हणून दुसरी झाली असं होत नाही. दोघं जिल्हा रुग्णालयाच्या आयसीटीसीत जाऊन आले. टेस्ट मोफत असते, आधी समुपदेशक बोलतात आणि २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने निकाल गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे. १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे. जोडीदाराला संसर्ग आहे किंवा असू शकतो आणि कंडोम फाटला, तर पीईपी नावाची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची असतात. त्यासाठी सरकारी रुग्णालयात विचारायचं, मेडिकलमध्ये नाही. आणि दुसऱ्याच दिवशी केलेली टेस्ट निगेटिव्ह आली तर ती काल रात्रीबद्दल काहीच सांगत नसते. शरीरात खूण दिसायला काही आठवडे लागतात.

आता परत बाटलीकडे.

तिच्या यादीत अजून एक होतं: ‘जंतुनाशक असलेलं जेल’. इंटरनेटवर कुणीतरी सुचवलेलं. यावर मला नॉनॉक्सिनॉल-९ची गोष्ट सांगावीच लागली, कारण संशोधनाकडे वळणाऱ्या प्रत्येकाला ती माहीत असायला हवी. हे एक डिटर्जंट जातीचं रसायन. शुक्राणू मारतं म्हणून गर्भनिरोधक जेलमध्ये वर्षानुवर्षं वापरात होतं. परीक्षानळीत ते एचआयव्हीलाही मारतं असं दिसलं, आणि आशा वाढली. तर्क सरळ होता: विषाणू मरतो, म्हणजे संसर्ग कमी होणार.

मग बेनिन, आयव्हरी कोस्ट, दक्षिण आफ्रिका आणि थायलंडमध्ये देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांवर चाचणी झाली. अर्ध्या जणींना हे जेल, अर्ध्या जणींना त्याशिवायचं साधं जेल. कंडोम आणि समुपदेशन सगळ्यांना. २००२ साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. औषधी जेलवाल्या ३७६ जणींपैकी ५९ जणींना संसर्ग झाला, साध्या जेलवाल्या ३८९ पैकी ४५ जणींना. म्हणजे १६ टक्के विरुद्ध १२ टक्के. दिवसाला साडेतीनपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्या जणींमध्ये फरक आणखी वाढला. जे वाचवणार होतं त्यानेच दार उघडलं. कारण डिटर्जंटला विषाणूचं आवरण आणि योनीच्या आतल्या पेशीचं आवरण यातला भेद कळत नाही. परीक्षानळीत ते बाजूचं अस्तरच नव्हतं, मग दिसणार कुठून? जागतिक आरोग्य संघटनेने त्यानंतर स्पष्ट सांगितलं, की संसर्ग टाळण्यासाठी हे वापरू नये आणि कंडोमवर ते लावल्याने जास्तीचं संरक्षण मिळत नाही.

‘‘पण वापरणाऱ्यांना जळजळ झाली असेल ना? कळलं असेल,’’ ती म्हणाली. नेहमी कळत नाही. आपल्याच गडचिरोलीचं उदाहरण घ्या. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, पेपर १९८९च्या ‘लॅन्सेट’मध्ये आहे. तक्रार सांगणाऱ्या स्त्रिया ५५ टक्के. तपासणीत स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार सापडलेल्या ९२ टक्के. त्याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के. जेलच्या जाहिरातीखाली ‘मला काही त्रास नाही झाला’ अशा प्रतिक्रिया असतात ना, त्या वाचताना हे आकडे आठवा.

मग जेल निवडायचं कसं? एक मोजमाप आहे, नाव अवघड पण गोष्ट घरगुती: ऑस्मोलॅलिटी. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं, तसंच. जेलमध्ये ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल भरपूर असेल तर ते पेशींमधलं पाणी ओढून घेतं, आणि अस्तर सुकून सोलवटू शकतं. आपल्या रक्ताची ऑस्मोलॅलिटी २९०च्या आसपास असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१२च्या टिपणानुसार जेलची ३८०पर्यंत असेल तर उत्तम, आणि सध्याच्या बाजाराचा विचार करता १२००च्या वर तर नकोच. योनीसाठी पीएच साधारण ४.५, गुदद्वारासाठी साडेपाच ते सात.

आम्ही बाटली उलटीपालटी करून पाहिली. ऑस्मोलॅलिटी नाही, पीएच नाही. घटकांमध्ये पाण्यानंतर पहिलं नाव ग्लिसरीन. लॅबमध्ये पीएचची पट्टी होती, ती बुडवून पाहिली (हो, पाहिली!). साधारण सात. ‘नॅचरल’ मात्र तीन ठिकाणी.

राहिली व्हायब्रेटरसारखी उपकरणं. त्याबद्दल तिने विचारलं नव्हतं, पण वाचक मेलमध्ये विचारतात. ‘बॉडी-सेफ’ हा शब्द खरा तिकडूनच आला. मऊ पीव्हीसीला मऊपणा थॅलेट नावाच्या रसायनांनी येतो, आणि ती बाहेर झिरपतात. जेलीसारख्या सच्छिद्र रबरात जंतू दडून बसतात, वरून धुऊन जात नाहीत. छिद्र नसलेलं शुद्ध सिलिकोन, काच, स्टेनलेस स्टील हे साबणपाण्याने नीट साफ होतात. मोटर नसलेली सिलिकोनची वस्तू उकळताही येते. सिलिकोनच्या वस्तूवर सिलिकोनचं जेल नको, पृष्ठभाग खराब होतो. शंका असेल तर वर कंडोम चढवावा. गुदद्वारासाठी असेल तर तळ रुंदच हवा, नाहीतर वस्तू आत सरकते आणि मग कॅज्युअल्टी गाठावी लागते. आणि तिथून योनीकडे न धुता नाही.

२०२१ साली या वस्तूंसाठी आयएसओ ३५३३ हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. आपल्याकडे मात्र बरीचशी उपकरणं ‘बॉडी मसाजर’ म्हणून विकली जातात. कस्टम्सने अशा मसाजरना १९६४च्या अधिसूचनेखाली अश्लील वस्तू ठरवून अडवलं होतं. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते मान्य केलं नाही. निकाल चांगलाच आहे. पण संशोधक म्हणून माझं डोकं दुसरीकडेच जातं. वस्तू मसाजर म्हणून विकली की खोक्यावर माहिती पाठदुखीची येते. आतल्या नाजूक त्वचेला ती लागणार आहे हे कुणी लिहितच नाही, म्हणजे त्या वापरासाठी तपासायची जबाबदारीही कुणाची राहत नाही. यावर आपल्याकडे कुणी काम करतंय का? सिनॉप्सिससाठी विषय शोधत असाल तर माझ्याकडून फुकट घ्या.

ज्युनिअरने दुसऱ्या दिवशी उत्पादकाला मेल लिहिला. दोनच प्रश्न: ऑस्मोलॅलिटी किती, आणि ‘बॉडी-सेफ’ कुठल्या चाचणीवरून लिहिलं? तीन आठवडे झाले, उत्तर नाही. तोवर तिने कमी ग्लिसरीनचं, पाण्याच्या आधाराचं दुसरं जेल घेतलंय. खोबरेल पुन्हा केसांना.