चार दारांच्या रेसर (लेखांक ७) : लान्सर इव्होल्यूशन, नियमाने घडवलेली गाडी

गेल्या आठवड्यात आपण मर्सिडीजची १९० ई २.३-१६ पाहिली. रॅलीसाठी आखलेली ती गाडी अखेर डांबरी ट्रॅकवर नावारूपाला आली. मित्सुबिशीची लान्सर इव्होल्यूशन मात्र चिखल, बर्फ आणि खडी यांच्यासाठीच जन्मली आणि तिथेच मोठी झाली.

लान्सरचं रॅलीशी नातं इव्होल्यूशनहून, म्हणजे ‘इव्हो’हून, जुनं. १९७३ साली आलेल्या पहिल्या लान्सरने पुढच्याच वर्षी पूर्व आफ्रिकेतली सफारी रॅली मारली. चालक होते केनियाचे जोगिंदर सिंग. १९७६ मध्ये लान्सर घेऊनच त्यांनी ती पुन्हा जिंकली. पुढे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मित्सुबिशीने गॅलंट व्हीआर-४ उतरवली. दोन लिटरचं टर्बो इंजिन, ताकद चारही चाकांना. यंत्रणा उत्तम होती, पण डोंगरातल्या अरुंद वळणांवर त्या गाडीचं धूड आड येई. मग तीच यंत्रणा उचलून छोट्या लान्सरमध्ये बसवायचं ठरलं.

पण अशी गाडी नुसती वर्कशॉपमध्ये बांधून चालणार नव्हतं. जागतिक रॅलीतल्या ‘ग्रुप ए’ या गटाच्या नियमानुसार रॅलीची गाडी विक्रीच्या गाडीवरूनच बनलेली हवी, आणि तशा किमान २,५०० गाड्या तयार झालेल्या हव्यात. म्हणजे रॅलीत जे लागेल, ते आधी सामान्य गिऱ्हाइकाला विकायचं! इव्होचं सगळं रूप या एका अटीतून आलं, असं मला ठामपणे वाटतं. बॉनेटवरच्या जाळ्या इंजिनाची उष्णता बाहेर टाकायला, बंपरमधलं मोठं भोक इंटरकूलरला वारा मिळायला. १९९२ मध्ये आलेल्या पहिल्या इव्होची ताकद २५० अश्वशक्ती होती आणि वजन साधारण १,२४० किलो. तिची ‘आरएस’ आवृत्ती तर पॉवर विंडोसुद्धा काढून टाकून विकली जाई, कारण ती घेणारा पुढे ती रॅलीसाठीच सोलणार हे कंपनीला पक्कं ठाऊक होतं.

दुसरी आणि तिसरी इव्हो म्हणजे याच गाडीवरचे पुढचे हात. खरी उडी १९९६ च्या चौथ्या इव्होची. जपानी कंपन्यांनी आपसांत पाळलेल्या २८० अश्वशक्तीच्या मर्यादेला ती जाऊन टेकली, पण तिचं मोठेपण मागच्या डिफरन्शियलमध्ये आहे. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. मित्सुबिशीच्या ‘अ‍ॅक्टिव्ह यॉ कंट्रोल’मध्ये जादा गिअर आणि क्लच होते. स्टिअरिंग किती वळलंय, वेग किती आहे हे पाहून संगणक वळणाच्या बाहेरच्या मागच्या चाकाकडे जास्त जोर पाठवी. नाक सरळ जाऊ पाहणारी जड गाडी त्यामुळे वळणात आत खेचली जाई. आपल्याकडे १९९८ पासून हिंदुस्तान मोटर्सच्या तिरुवल्लूरच्या कारखान्यातून निघालेली लान्सर याच पिढीची. तिला ना टर्बो होता ना हे डिफरन्शियल, पण सांगाडा त्याच घराण्यातला.

फिनलंडच्या टॉमी मॅकिनेनने १९९६ ते १९९९ अशी सलग चार जागतिक विजेतेपदं इव्होतून मिळवली. त्यातलं १९९८ चं विलक्षण. शेवटच्या, ब्रिटनमधल्या रॅलीत पहिल्याच दिवशी त्याची गाडी रस्त्यावर सांडलेल्या तेलावरून घसरून काँक्रीटवर आदळली, मागचं चाक गेलं, स्पर्धा संपली. आता विजेतेपदासाठी टोयोटाच्या कार्लोस साइन्झला चौथा क्रमांक पुरेसा होता आणि तो चौथाच होता. शेवटच्या टप्प्यात, रेषा काहीशे मीटरवर असताना त्याचं इंजिन फुटलं. विजेतेपद मॅकिनेनचं झालं. रॅली जिंकली मित्सुबिशीच्याच रिचर्ड बर्न्सने, आणि उत्पादकांचं विजेतेपदही त्या वर्षी मित्सुबिशीकडे आलं.

या यशामागचा हट्ट लक्षात घ्यायला हवा. १९९७ पासून ‘वर्ल्ड रॅली कार’चा नियम आला होता. त्यात विक्रीच्या गाडीपासून बरंच दूर जायची मुभा होती, आणि सुबारू, फोर्ड, पुढे टोयोटानेही ती घेतली. मित्सुबिशी मात्र ‘ग्रुप ए’लाच धरून राहिली. २००१ च्या उत्तरार्धात तीही नव्या नियमाकडे वळली. त्याच वर्षी मॅकिनेनने सफारी जिंकली होती. जागतिक मालिकेतला मित्सुबिशीचा तो शेवटचा विजय ठरला. २००५ नंतर कंपनीचा संघच बाहेर पडला.

रस्त्यावरची इव्हो अजून दहा वर्षं चालली. नववी मला सर्वांत सुरेख वाटते. जुनं लोखंडी ब्लॉकचं इंजिन तिच्यात पूर्ण पिकलं होतं. २००७ च्या दहाव्या इव्होला अ‍ॅल्युमिनियमचं नवं इंजिन आणि दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स मिळाला, गाडी जड झाली आणि महागही. पण तिला जिच्यासाठी तयार करायचं ती कंपनीची जागतिक रॅली मोहीमच उरली नव्हती. पुढच्या दशकाच्या मध्यावर ‘फायनल एडिशन’ काढून मित्सुबिशीने ही मालिका थांबवली.

पुढच्या आठवड्यात : इव्होची कट्टर प्रतिस्पर्धी सुबारू इम्प्रेझा, आणि तिचं आडवं झोपलेलं बॉक्सर इंजिन.