नवखा आणि जाणता

जुळे सोलापुरातील एखाद्या घरी एकच संगणक आहे, अशी कल्पना करावी. सकाळी त्यावर सेवानिवृत्त कारकून अर्ज लिहीत आहेत आणि सायंकाळी त्यांची नात आपला पहिला मराठी निबंध लिहावयास बसते. यंत्र एकच, परंतु उभयतांच्या गरजा भिन्न. नातीस पुढचे पाऊल कोणते, हे पडद्याने सांगावे लागते. आजोबांची बोटे वाट ओळखतात. त्यांना केवळ अडथळा नको असतो. एकाच रचनेने दोघांचे समाधान कसे करावे, हा सॉफ्टवेअर रचणारांपुढील मोठा प्रश्न होय.

मराठी लेखनात तो विशेष स्पष्ट दिसतो. टंकलेखनयंत्रावर अक्षर जसे दिसते तसे उमटवावे लागे. म्हणून ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी व ‘क’ मागाहून. १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट झालेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकाने उच्चाराचा क्रम धरला. त्यात स्वरचिन्हे डाव्या हाताकडे, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताकडे आणि ‘क’च्याच कळीवर शिफ्टसह ‘ख’ येतो. वर्णमाला जाणणाऱ्या नवशिक्यास ही मांडणी सयुक्तिक वाटते. परंतु मिनिटास ३० शब्दांची मराठी टंकलेखन परीक्षा जुन्या यंत्रावर उत्तीर्ण झालेल्यास तीच परकी भासते. वर्षानुवर्षांचा सराव हे त्याचे भांडवल. ते एका दिवसात निरुपयोगी ठरविणे न्यायाचे नव्हे. म्हणूनच कित्येक मराठी सॉफ्टवेअरांत इन्स्क्रिप्टसोबत टंकलेखनयंत्राची मांडणी, तसेच रोमन अक्षरांत उच्चार लिहून देवनागरी मिळविण्याची सोयही ठेवलेली असते.

मायक्रोसॉफ्टने ‘ऑफिस २०००’मध्ये निराळा मार्ग चोखाळला. क्वचित लागणाऱ्या आज्ञा मेन्यूतून आपोआप लपविल्या जात. हेतू सोपेपणाचा होता. परंतु नवख्यास हवी ती आज्ञा सापडेना, आणि यादी बदलत राहिल्याने जाणत्याची सवय मोडू लागली. स्वयंपाकघरातील डबे कोणी रोज हलविले, तर गृहिणीची जी अवस्था होईल, तीच ही. २००७ च्या आवृत्तीत मेन्यूंच्या जागी नवी पट्टी आली. तथापि ऑल्टसह दाबावयाच्या जुन्या कित्येक कळा चालूच ठेवण्यात आल्या. जाणत्याच्या बोटांचा हा रास्त मान होय.

याहून साधा उपाय नित्य डोळ्यांसमोर असतो. मेन्यूत ‘कॉपी’ या शब्दासमोरच कंट्रोल-सी ही कळ नोंदलेली असते. नवखा शब्द वाचून काम भागवितो. वाचता वाचता कळ पाठ होते आणि मेन्यू उघडण्याची गरज सरते. चूक झालीच, तर कंट्रोल-झेडने ती मागे घेता येते. त्यामुळे भीड चेपते.

नवखा आणि जाणता या मनुष्यांच्या दोन जाती नव्हेत. नात वर्षभरात जाणती होईल आणि नवे सॉफ्टवेअर येताच आजोबा पुन्हा नवखे होतील. या दोन अवस्थांमधील वाट जी रचना सुगम करते, तीच उत्तम म्हणावी.