दिव्याची किंमत आणि उजेडाचा खर्च

घोड नदीकांठचें शिरूर आणि भीमेकांठचें दौंड हीं पुणें जिल्ह्यांतील दोन तालुक्यांचीं गांवें. शिरूर तालुक्यांत रांजणगांवची औद्योगिक वसाहत आहे. दौंड हें तर रेल्वेचें मोठें जंक्शन. कारखाना आणि रेल्वे या दोहोंचें काम रात्रीं थांबत नाहीं. यास्तव पाळीवर जाणाऱ्या माणसाच्या घरीं कोणी निजत असतां कोणी उठतो आणि दिवा अवेळीं जळत राहतो. अशा संसारांत दिव्याच्या खर्चाचा विचार अवश्य व्हावयास पाहिजे.

दिव्याची किंमत दुकानांत एकदां द्यावी लागते. उजेडाचा खर्च मात्र मीटर दरमहा वसूल करतो. एक हजार वॅटचें उपकरण एक तास चाललें म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. हिशेबाच्या सोयीसाठीं युनिटास सर्व आकारांसह दहा रुपये धरूं. साठ वॅटचा तारेचा जुना दिवा रोज पांच तास जळल्यास तीस दिवसांत ९ युनिटें, म्हणजे ९० रुपये लागतात. जवळजवळ तितकाच उजेड देणाऱ्या पंधरा वॅटच्या सी. एफ. एल. दिव्यास २२ रुपये ५० पैसे आणि नऊ वॅटच्या एल. ई. डी. दिव्यास १३ रुपये ५० पैसे पुरतात.

तारेच्या दिव्याचें आयुष्य सुमारें एक हजार तासांचें. तेवढ्या अवधींत तो ६०० रुपयांची वीज खातो. तो वीस रुपयांस मिळाला म्हणून स्वस्त ठरत नाहीं. एल. ई. डी. दिवा शंभर रुपयांस घेतला, तरी त्याच हजार तासांत त्यास ९० रुपयांचीच वीज लागते. शिवाय चांगल्या प्रतीचा दिवा पुढेंहि कित्येक हजार तास चालतो.

या तफावतीचें कारण उष्णता हें होय. जुन्या दिव्यांत टंगस्टनची तार तापून पांढरी होते आणि विजेचा फार मोठा भाग उष्णतेंत जातो. सी. एफ. एल. दिव्यांत पाऱ्याची वाफ असते. म्हणून तो फुटल्यास खिडक्या उघडून, तुकडे हातानें न उचलतां, जपून गोळा करावे. एल. ई. डी. दिव्यांत अर्धवाहक पदार्थांतून थेट प्रकाश निघतो. यांतील निळ्या प्रकाशाच्या शोधाबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा यांस २०१४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. २०१५ सालीं सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेंतून असे ३६ कोटींहून अधिक दिवे देशांत वांटले गेले.

तरीहि एक चोर पुष्कळ घरांत राहून जातो, आणि तो म्हणजे ‘झिरोचा’ दिवा. त्याचें नांव शून्य. पण तारेचा असा दिवा सुमारें पंधरा वॅटचा असतो. जुन्या मीटरवर त्याची नोंद होत नसे, अशी समजूत आहे; पण नव्या मीटरपाशीं ती भोळी ठरते. रात्रीं दहा तास जळल्यास महिन्यास साडेचार युनिटें, म्हणजे ४५ रुपये होतात! बैठकींतील नऊ वॅटच्या दिव्याच्या तिपटीहून हा खर्च अधिक. अर्ध्या वॅटच्या एल. ई. डी. दिव्यानें तेंच काम दीड रुपयांत होतें.

उलट, अडगळीच्या खोलींत रोज दहा मिनिटें लागणारा साठ वॅटचा दिवा महिन्यास तीनच रुपये खातो. तो बदलल्यास शंभर रुपये भरून यावयास तीन वर्षांहून अधिक काळ जाईल. तेथें घाई नको. तो जाईल तेव्हां बदलावा.

महावितरणच्या घरगुती दरपत्रकांत पहिल्या १०० युनिटांस कमी दर असून पुढें तो चढत जातो. त्यामुळें शंभराच्या पलीकडे गेलेल्या घरांत वांचणारें युनिट हें महाग दराचेंच असतें. यास्तव गृहिणीनें वा गृहस्थानें घरांतील प्रत्येक दिव्याचे वॅट आणि जळण्याचे तास एका कागदावर मांडावे, त्यांचा गुणाकार करावा, आणि जेथें आंकडा मोठा येईल तो दिवा प्रथम बदलावा. मुलांच्या अभ्यासाचा उजेड कमी करून काटकसर करण्याची पाळी मग कोणावरहि येणार नाहीं.