चकलीचा चुरा होऊ नये म्हणून: दिवाळीच्या गर्दीतलं पॅकिंग

नवरात्र बसलं की आमच्याकडे भाजणीचा वास सुटतो आणि हॉलमध्ये खोक्यांची रांग लागते. माझी मावशी फराळ करून परदेशी पाठवते. मागच्या वर्षी अमेरिकेतल्या एका ताईंनी फोटो पाठवला. डब्यात चकल्या नव्हत्याच, नुसता चुरा! पैसे परत करावे लागले. मावशी एवढंच म्हणाली, "अरे, चव चांगली होती रे, पण पोचलीच नाही."

तेव्हापासून पॅकिंग माझ्याकडे आलं. जे शिकलो ते आज सांगतो.

पहिली गोष्ट, घाई नको. तळलेला पदार्थ कोमट असताना पिशवीत भरला, की आतल्या वाफेचं पाणी होतं आणि चिवडा सादळतो. पूर्ण गार होऊ द्या, मगच सील करा.

दुसरी गोष्ट, सगळं व्हॅक्यूम करायचं नसतं. हवा ओढली की पिशवी आवळते आणि चकली तिथेच मोडते. वेफर्सचं पाकीट फुगलेलं का असतं? आतला वायू उशीचं काम करतो म्हणून. चकली कडक गोल डब्यात, प्रत्येक थराला कागद घालून. चिवड्याच्या पिशवीत थोडी हवा राहू द्या. लाडू जड, ते खोक्यात तळाला. चकलीचा डबा वर, आणि चिवड्याच्या पिशव्या कडेने. म्हणजे चिवडाच बबल रॅपचं काम करतो!

तिसरं म्हणजे खोकं. पाच पदरी घ्या, ज्याला दुकानदार फाइव्ह प्लाय म्हणतात. त्यात तीन सपाट कागद आणि मध्ये दोन नागमोडी थर असतात. गर्दीच्या दिवसांत तुमच्या खोक्यावर आणखी दहा खोकी रचली जातात, हे धरूनच चाला. बंद करून हलवून बघा. आतून आवाज आला तर पोकळी आहे. कागदाचे बोळे भरा.

पण म्हणून मोठं खोकं घेऊ नका, कारण खरा खिसा इथे कापला जातो. कुरियरवाले वजन आणि आकार दोन्ही बघतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक आंतरराष्ट्रीय कुरियरमध्ये 5000 ने भागायचं. जे जास्त भरेल त्याचे पैसे. आमचा फराळ 5 किलो, खोकं 45 बाय 35 बाय 30. हिशोब आला 9.45 किलो! म्हणजे जवळपास निम्मे पैसे आम्ही हवेचे भरत होतो. आता 40 बाय 30 बाय 20 चं खोकं वापरतो. ते येतं 4.8, म्हणजे खऱ्या वजनाचेच पैसे.

शेवटचं, नियम. युरोपीय संघातल्या देशांत खाजगी पार्सलमधून दुधाचे पदार्थ चालत नाहीत, त्यामुळे पेढे-बर्फीची ऑर्डर घेऊ नका. बाकी देशांचे नियम कुरियरवाल्याला दरवर्षी नव्याने विचारा, कारण ते बदलतात. यादीत नुसतं "खाऊ" लिहू नका. पदार्थाचं नाव, वजन, किंमत लिहा.

आणि हो, खोकी-टेप दसऱ्याच्या आधीच आणून ठेवा. पहिलं खोकं भरलं की कमरेच्या उंचीवरून एकदा खाली टाका आणि उघडून बघा. यंदा आम्ही तेच केलं. एक चकली मोडली. ती मावशीनेच खाल्ली, आणि म्हणाली, "आता पाठव."

भेटू पुढच्या भागात!