लेकराला पोटातच लागंल का?

सकाळी ६.३०

९ ऑगस्ट २०२१. श्रावणातला पहिला सोमवार आणि महिन्याची नऊ तारीख. नऊ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायांची तपासणी असते. एरवी श्रावणातल्या सोमवारी तिसगावातून वृद्धेश्वराकडे माणसांची रीघ लागते. त्या वर्षी करोनामुळे राज्यातली मंदिरं बंद होती. बाकी बऱ्याच जिल्ह्यांत निर्बंध सैल झाले, पण रुग्ण निघतच असल्यामुळे नगरचे तसेच राहिले. मी आरोग्यसेविका. चहा हातात घेतला तोच आशाताईंचा फोन : "मॅडम, बाया येतील, पण निम्म्या उपाशी येतील."

८.४५

वजनकाटा, बीपीचं यंत्र, एचबीची पट्टी, लाल गोळ्यांची पाकिटं. लसीच्या डब्यात बर्फाचे पॅक. खुर्च्या अंतर ठेवून मांडल्या. तासाभरात त्या पुन्हा एकमेकींना चिकटल्या.

१०.१५

आठव्या महिन्यातली एक मुलगी, चेहरा पांढुरका, एचबी ८.६. काय खाल्लंस विचारलं तर म्हणे, "बिगर साखरेचा चहा. संध्याकाळी सोडीन उपवास." सोबत सासूबाई होत्या. मी त्यांना म्हटलं, "मावशी, महादेवाला पोटुशी बाई उपाशी नको असते. राजगिऱ्याचा लाडू, दाणे, केळी चालतात ना उपवासाला? मग आत्ता द्या." त्यांनी पदराच्या गाठीतून पैसे काढले आणि स्वतः केळी आणायला गेल्या. अशा सासवा असल्या की आमचं निम्मं काम हलकं होतं.

११.००

केळी घेऊन परतल्यावर त्यांनीच तो प्रश्न विचारला. आवाज एकदम खाली आणून. "हिला तो रोग झाला, तर लेकराला पोटातच लागंल का ओ?"

"नाही होत, घाबरू नका" असं म्हणून मोकळं होता येतं. मला ते पटत नाही. बाईने विचारलं आहे तर खरं उत्तर तिला मिळालंच पाहिजे. खरं असं की लागू शकतो, पण फार क्वचित.

पुण्याच्या ससून रुग्णालयातली गोष्ट मी त्यांना सांगितली. मे २०२० च्या अखेरीस तिथे एक मुलगी जन्मली. प्रसूतीआधी आईला ताप येऊन गेला होता, पण तिचा नाकातला स्वॅब निगेटिव्ह. बाळाचा मात्र पॉझिटिव्ह आला. नाळ आणि वार तपासली तर त्यांतही विषाणू. पुढे आईच्या रक्तात अँटिबॉडी सापडल्या, म्हणजे संसर्ग तिलाही होऊन गेलेला. बाळाला ताप चढला, अंगात दाह उसळला, अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. जुलैमध्ये बालरोग विभागाच्या प्रमुख डॉ. आरती किणीकर यांनी वारेतून संसर्ग झाल्याचं हे उदाहरण जाहीर केलं, देशातलं पहिलं म्हणून. त्याच महिन्यात पॅरिसजवळच्या डॉक्टरांनीही असंच एक बाळ नोंदवलं.

"अन् ती पोरगी?" मावशींनी विचारलं.

"बरी होऊन घरी गेली."

मग वार काय करते ते समजावलं. आईचं रक्त आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही. मधे वार असते चाळणीसारखी. हवा आणि अन्न जातं, पुष्कळसं वाईट अडतं. करोनाच्या विषाणूला पेशीत शिरायला दोन प्रथिनं लागतात आणि वारेच्या पेशींवर ती दोन्ही एकत्र क्वचितच असतात. आईच्या रक्तातही हा विषाणू फारसा उतरत नाही. मात्र वारेलाच संसर्ग झाला तर ती खराब होते आणि बाळाला संसर्ग न होताही त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. म्हणून ताप आल्यावर पोटातली हालचाल कमी वाटली, तर सकाळची वाट बघायची नाही.

पोटातच लागला हे सिद्ध करणंही सोपं नाही. जन्मल्यानंतर पहिल्या चोवीस तासांत नमुने घ्यावे लागतात, पुन्हा तपासावं लागतं. दोन दिवसांनी पॉझिटिव्ह आलेल्या बाळाला तो आईच्या किंवा आजीच्या खोकल्यानेही लागलेला असू शकतो. पुढे मार्च २०२२ मध्ये जगभरच्या अभ्यासांचा मोठा आढावा छापून आला : बाधित आयांच्या तपासलेल्या बाळांपैकी १.८ टक्के पॉझिटिव्ह, आणि पोटातच लागल्याची पक्की खात्री पटलेली फक्त सात बाळं.

१२.३०

लस. गरोदर बायांना केंद्राने २ जुलैला परवानगी दिली होती, पण गावात परवानगीपेक्षा भीती जास्त. इथे मी बाळाचं नाही, आईचं बोलते. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने मुंबईतल्या बाधित गरोदर आणि बाळंत बायांची नोंद ठेवली आहे. पहिल्या लाटेत त्यांच्यातल्या ०.७ टक्के दगावल्या, दुसऱ्या लाटेत ५.७ टक्के. बाळाला पोटात लागेल का म्हणून जीव टांगणीला लावणाऱ्या घरात आईच्या जिवाची काळजी मागे पडते, आणि धोका तर तिलाच जास्त. केळी खाऊन झालेल्या त्या मुलीने डावा दंड पुढे केला. अर्धा तास बसवून ठेवली.

३.३०

शिवारातली वस्ती. पत्र्याच्या खोलीत बाळंतीण, बाळ पलीकडे आजीजवळ. नगरला प्रसूतीच्या वेळी बाईचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला होता, बाळाचा निगेटिव्ह. तेव्हापासून आईचं दूध बंद. बाटलीत पाणी घातलेलं गाईचं दूध. बाईची छाती दगडासारखी दाटलेली, ब्लाउजवर ओले डाग, आणि ती भिंतीकडे तोंड करून. मी कोमट पाण्याने शेकायला लावलं, थोडं दूध हाताने पिळून काढलं, तिचे हात साबणाने धुवून घेतले, मास्क बांधला. बाळ दोनदा सुटलं, तिसऱ्यांदा त्याने नीट धरलं. दुधातून हा रोग जातो असा पुरावा नाही. जागतिक आरोग्य संघटना पहिल्यापासून सांगते आहे, आई-बाळाला तोडू नका. आजीला बाटली फेकून द्या म्हटलं नाही. बाटली मीच माझ्याबरोबर केंद्रात घेऊन आले.

५.४५

ऑनलाइन नोंदी. त्या दिवशी कोविशील्ड दिलेल्यांची दुसऱ्या डोसची तारीख ८४ दिवसांनी, म्हणजे १ नोव्हेंबर. आमच्या पाथर्डी तालुक्यातल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दसरा झाला की उसाला निघतात. यादीतल्या बऱ्याच बाया तेव्हा कुठल्या तरी कारखान्याच्या तळावर, कोपीत असणार. काहींचे दिवसही तिथेच भरणार. मी कार्डांवर मुकादमाचा फोन लिहून ठेवला.

उसाला जाणाऱ्या बायांना आणि त्यांच्या घरच्यांना आजही माझी विनंती आहे : माता-बाल कार्ड पेटीत ठेवू नका, सोबत न्या. कोपी पडेल तिथल्या आरोग्य केंद्रात पहिल्याच आठवड्यात दाखवा. आणि अंगात ताप आला तर त्या दिवशी कोयता उचलू नका, आधी तपासून घ्या.